चतुर्दशीचे तीन तुकडे

माघ वद्य चतुर्दशीला परळीच्या वैजनाथाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. बीड, परभणी, लातूर, नांदेडकडून आलेली माणसं भल्या पहाटेपासून रांगेत उभी असतात. कुणाच्या हातात बेलाची पानं, कुणाच्या हातात तांब्या. आज कोणती तिथी, हे या गर्दीत कुणाला विचारावं लागत नाही. पण या तिथीला एक आकडाही आहे, २९. अमावास्या सरली की शुद्ध प्रतिपदा १, पौर्णिमा १५, वद्य प्रतिपदा १६. असं मोजत गेलं की महाशिवरात्र २९ वर येते. तिसावी अमावास्या. तिथं चक्र पुरं होतं आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते.

आता २९ ला दोननं भागावं, बाकी १ उरते. तीननं भागावं, २ उरतात. पाचनं भागावं, ४ उरतात. एवढं कुणीही करील. गंमत उलट्या वाटेवर आहे. १, २ आणि ४ एवढ्या तीन बाक्याच हातात असल्या, तरी तिथी परत मिळते. पहिल्या बाकीला १५ नं गुणायचं, दुसरीला १० नं, तिसरीला ६ नं. म्हणजे १५, २० आणि २४. बेरीज ५९. त्यातून तिसाचं एक चक्र वजा केलं की २९. चतुर्दशीचे तीन तुकडे झाले आणि ते जोडून चतुर्दशी जशीच्या तशी परत आली. तीस तिथींपैकी कोणतीही घेतली तरी हेच घडतं, आणि कोणत्याही दोन तिथींचे तिन्ही तुकडे सारखे येत नाहीत.

पाचच्या बाकीला तर पंचांगात जुनी नावंच आहेत. प्रतिपदा, षष्ठी, एकादशी या नंदा. द्वितीया, सप्तमी, द्वादशी भद्रा. मग जया, रिक्ता आणि पूर्णा. चतुर्थी, नवमी, चतुर्दशी या रिक्ता, म्हणून मुहूर्त काढताना जोशी त्या टाळतात. तीस तिथींची पाच घराण्यांत केलेली ही वाटणी म्हणजे आजच्या बीजगणिताच्या भाषेत कोशंट: तीसच्या चक्रातले काही भेद मुद्दाम विसरायचे आणि जे उरतं ते नवं, लहान चक्र मानायचं. ‘दशमी’ एवढंच म्हणून पक्ष सांगितला नाही, तर तेही कोशंटच. त्यात शुद्ध आणि वद्य एक होतात आणि तीसचं चक्र पंधराचं होतं.

ज्या रचनेत बेरीज करता येते आणि पूर्णांकांनी गुणता येतं, ते मॉड्यूल; अशी चक्रं म्हणजे त्याचा सगळ्यात सोपा नमुना. चक्राच्या आत स्वतःपुरतं बंद राहणारं छोटं चक्र म्हणजे सबमॉड्यूल. जसं ०, ६, १२, १८, २४: यातल्या कोणत्याही दोघांची बेरीज करा, उत्तर यांच्यातलंच येतं. ज्याच्या आत आणखी छोटं चक्र सापडत नाही, त्याला सिंपल म्हणतात. दोन, तीन, पाच, सात अशा मूळसंख्यांची चक्रं सिंपल असतात. जे संपूर्ण मॉड्यूल अशा सिंपल तुकड्यांच्या बेरजेनं, काहीही न उरता, उभं राहतं ते सेमीसिंपल. तीस तिथींचं चक्र सेमीसिंपल आहे, कारण ३० म्हणजे २ गुणिले ३ गुणिले ५ आणि यात कोणतीही मूळसंख्या दोनदा येत नाही.

सेमीसिंपल मॉड्यूल ही भाषा विसाव्या शतकाची. बाकीवरून मुळातली संख्या शोधण्याचं कसब मात्र महाराष्ट्रात साडेआठशे वर्षांपूर्वीही पोटापाण्याचं होतं. त्याचं नाव कुट्टक. कुटून कुटून बारीक करायचं, म्हणून कुट्टक.

शके १०३६ मध्ये, म्हणजे इ.स. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचे दोन भाग, आणि कुट्टकाचं प्रकरण या दोन्हींत आहे. लीलावतीतलं एक उदाहरण मुलांच्या पिढ्यान् पिढ्यांनी सोडवलं: अशी कोणती संख्या की जिला २२१ नं गुणून ६५ मिळवले तर १९५ नं निःशेष भाग जाईल? आचार्य आधी तिन्ही संख्यांना १३ नं छाटतात. उरतात १७, ५ आणि १५. या छाटलेल्या संख्यांना त्यांनी ‘दृढ’ म्हटलं आहे, आता यांच्यात समाईक काही उरलं नाही म्हणून. उत्तर ५. पाचाला १७ नं गुणून पाच मिळवले की ९०, आणि ९० म्हणजे १५ गुणिले ६. मग ५ मध्ये १५ मिळवत जावं: २०, ३५, ५०, सगळीच उत्तरं. दृढ हा शब्द इथं फार नेमका आहे. दोन चक्रांत समाईक काही असेल तर ती एकमेकांत अडकतात, नसेल तर मोकळेपणानं जोडली जातात. सगळ्या गोष्टीचं मर्म त्या एका शब्दात आहे.

हे कोडी घालण्यासाठी नव्हतं. ग्रहाची जागा काढताना शेवटी जी बाकी उरते, तिच्यावरून किती दिवस लोटले ते उलट काढायला कुट्टक लागे.

भास्कराचार्य कुठले? ग्रंथात ते आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं ‘विज्जडविड’ असं सांगतात. अकबराच्या दरबारी फैजीनं १५८७ साली लीलावती फारसीत नेली, तेव्हा त्यानं आचार्यांना बीदरचे म्हटलं. ‘विड’ या अक्षरांवरून बीडचं नावही घेतलं जातं, आणि परळी ज्या बालाघाटाच्या कडेला वसली आहे तो बालाघाट म्हणजे सह्याद्रीचीच पूर्वेला आलेली रांग. बीडकरांना हा मान हवासा वाटला तर नवल नाही. तरीही नुसत्या नावाच्या साधर्म्यावर गाव ठरवणं घाईचं होईल. दगडावर कोरलेला पुरावा दुसरीकडे आहे.

तो चाळीसगाव तालुक्यात पाटणला, पाटणादेवीच्या परिसरात सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ च्या सुमारास तो उजेडात आणला. या शिलालेखात भास्कराचार्यांची वंशावळ आहे: वडील महेश्वर, मुलगा लक्ष्मीधर, नातू चांगदेव. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपालानं आपल्या पदरी नेलं आणि चांगदेव सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला. या नातवानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण, म्हणजे इ.स. १२०७: या दिवशी निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्या मठाला दान दिलं. लेखाचा पहिला भाग संस्कृतात आहे, पण मठाला काय काय मिळायचं हा व्यवहाराचा भाग आला की भाषा मराठी होते. बाजारात येणाऱ्या मालातून वाटा, आणि दर घाण्यामागे पळीभर तेल.

पळीभर तेल! बीजगणित शिकवणाऱ्या शाळेचा खर्च तेल्याच्या घाण्यातून निघत होता, आणि तो हिशोब मराठीत कोरून ठेवावा इतका महत्त्वाचा होता. या भूमीत बीजगणिताला लोकाश्रय होता की नाही, अशी शंका कुणी काढली तर त्याला हा दगड दाखवावा.

लेखातलं प्रभव हे साठ संवत्सरांतलं पहिलं. तिथून साठ-साठ वर्षांच्या बरोबर तेरा फेऱ्या होऊन १९८७ साली पुन्हा प्रभव आलं. साठचं हे चक्र पुढे लागणारच आहे.

यादव गेले, बहमनी आले, निजामशाही आली. गणित मात्र गोदाकाठानं चालूच राहिलं. परळीच्या उत्तरेला गोदावरी ओलांडली की परभणी जिल्ह्यातलं पाथरी. जुन्या ग्रंथांतलं पार्थपूर ते हेच मानतात. इथं ज्ञानराज नावाच्या ज्योतिषानं १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ रचला. त्याचा मुलगा सूर्यदास बापापेक्षाही हरहुन्नरी. त्यानं १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्या बीजगणितावर ‘सूर्यप्रकाश’ ही टीका लिहिली आणि १५४१ मध्ये लीलावतीवर ‘गणितामृतकूपिका’. याच सूर्यदासानं ‘रामकृष्णविलोमकाव्य’ लिहिलं. त्यातले श्लोक सरळ वाचले की रामाची कथा, उलट वाचले की कृष्णाची. कुट्टकात खाली भागत जायचं आणि मग त्याच पायऱ्यांनी वर यायचं. अक्षरं उलटसुलट चालवणारा कवी आणि कुट्टकाचा टीकाकार हा एकच माणूस असावा, हे अगदी मनाला पटतं.

गोदेच्या काठावरचंच गोलग्राम हे दुसरं ठाणं. तिथला दिवाकर कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांकडे शिकला. त्याच्या मुलानातवांनी टीकांवर टीका लिहिल्या, मग घराणं काशीला गेलं आणि त्याच वंशातल्या कमलाकरानं १६५८ मध्ये ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ पुरा केला. विदर्भातून काशीला गेलेल्या घराण्यातल्या कृष्ण दैवज्ञानं बीजगणितावर जी टीका लिहिली तिच्यात उपपत्तीला, म्हणजे सिद्धतेला, मोठं स्थान आहे. नुसती रीत सांगून तो थांबत नाही, ती का चालते तेही सांगतो.

पण गावोगावच्या जोश्याच्या हातात जे पुस्तक होतं ते गणेश दैवज्ञांचं ‘ग्रहलाघव’, १५२० सालचं. महाराष्ट्रातली पंचांगं पुढे कित्येक पिढ्या त्यावर निघाली. गणेशांनी मोठमोठे दिवससंख्येचे आकडे टाळायला एक युक्ती केली. सुमारे अकरा वर्षांचं, ४०१६ दिवसांचं एक चक्र धरलं. किती चक्रं लोटली ते एकीकडे, वरचे दिवस दुसरीकडे. वार काढायचा तर चक्रांच्या संख्येला पाचनं गुणायचं, वरच्या दिवसांत मिळवायचं, सातनं भागायचं. बाकी शून्य तर सोमवार, एक तर मंगळवार. पाचच का? कारण ४०१६ मधून सातच्या पटी काढल्या की पाच उरतात. ग्रंथाचा आरंभदिवस, १९ मार्च १५२०, सोमवारच होता. ओसरीवर बसून पाटीवर एवढं करणारा जोशी रोज कोशंट घेत होता. त्यासाठी त्याच्याकडे वेगळा शब्द नव्हता, आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नाही.

इथं एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. सेमीसिंपल मॉड्यूल भास्कराचार्यांना ठाऊक होतं, असं म्हणणं खोटं होईल, आणि असलं खोटं त्यांचा मान वाढवत नाही. त्यांना बाक्यांचं गणित पक्कं ठाऊक होतं. चक्र म्हणजे स्वतःच एक वस्तू आहे, तिला उपवस्तू असतात, कोशंट असतात, आणि ती तुटते की नाही हा तिचा स्वभाव आहे, ही दृष्टी फार उशिरा आली.

ती दृष्टी घेऊन पंचांग पुन्हा उघडलं की त्याच्या चक्रांचे स्वभाव वेगवेगळे दिसू लागतात. वारांचं सातचं चक्र सिंपल, तुटतच नाही. तिथींचं तीसचं, पाहिलंच. नक्षत्रं सत्तावीस, म्हणजे तीन गुणिले तीन गुणिले तीन. त्यात ०, ९, १८ हे तीनचं छोटं चक्र आहे, पण ते बाजूला काढून उरलेलं वेगळं ठेवता येत नाही. सत्तावीसमधलं दुसरं कोणतंही छोटं चक्र घ्या, याच तिघांना पोटात घेऊन बसलेलं असतं. नक्षत्रचक्र एका दांड्याच्या लाकडासारखं आहे, सांधा कुठेच नाही.

साठ संवत्सरांचं चक्र त्याहून शिकवणारं. ६० मध्ये २ दोनदा येतो. सम क्रमांकाची संवत्सरं घेतली तर तीसचं सबमॉड्यूल मिळतं, आणि ते तिथींच्या चक्रासारखंच सेमीसिंपल. या सम संवत्सरांना शून्य मानून कोशंट घेतला तर दोनचं चक्र उरतं, तेही सिंपल. आतला भाग सुटा होणारा, वरचा भागही सुटा होणारा. तरी साठचं अख्खं चक्र सेमीसिंपल नाही. कारण त्या तीसला जोडीदार हवा तो दोनचा, म्हणजे ० आणि ३०. आणि ३० ही तर सम संख्या, ती आधीच त्या तीसच्या आत. जोडीदार म्हणून बाहेर कुणी उरतच नाही. सेमीसिंपल मॉड्यूलचं कोणतंही सबमॉड्यूल आणि कोणताही कोशंट सेमीसिंपल असतो, हे प्रमेय उलट चालत नाही. याचं उदाहरण शोधायला परदेशी पुस्तकात जायची गरज नाही, ते गुढीपाडव्याला वाचल्या जाणाऱ्या संवत्सरफळात आहे.

परदेशात मात्र ही भाषा तयार झाली, आणि वेगानं झाली. ‘मॉड्यूल’ हा शब्द जर्मनीच्या डेडेकिंडनं १८७१ मध्ये गणितात आणला. जर्मनीतून शिकागोला गेलेल्या माश्केनं शतकाच्या शेवटी दाखवलं की सांत ग्रुप जेव्हा सदिशांच्या अवकाशावर काम करतो, तेव्हा ग्रुपखाली स्वतःपुरत्या बंद राहणाऱ्या प्रत्येक उपअवकाशाला तसाच जोडीदार सापडतोच, फक्त गणना ज्या मूळसंख्येच्या चक्रात चालते तिनं ग्रुपच्या घटकसंख्येला भाग जाता कामा नये. स्कॉटलंडच्या वेडरबर्ननं १९०७ मध्ये बीजगणितांच्या रचनेचं प्रमेय दिलं. आणि मग एमी नोएथर. गटिंगनमध्ये तिनं १९२० च्या दशकात रिंग आणि मॉड्यूल हाच पाया धरून सगळं पुन्हा मांडलं. तिचा १९२९ चा शोधनिबंध आणि व्हॅन डर वार्डनचं १९३०-३१ चं पुस्तक यांतून ती मांडणी जगभर गेली. १९३३ मध्ये नाझींनी तिला ज्यू म्हणून विद्यापीठातून काढलं. ती अमेरिकेत गेली आणि १९३५ मध्ये वारली.

त्याच सुमारास लाइपझिगमधून काढलेला फ्रीडरिश लेवी भारतात आला. अॅबेलियन ग्रुप, म्हणजे इथं ज्यांची गोष्ट चालली आहे तीच चक्रं आणि त्यांची भावंडं, हा त्याचा अभ्यासाचा विषय. कलकत्ता विद्यापीठात त्यानं नवं बीजगणित शिकवलं, मग १९४८ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आला आणि १९५२ मध्ये बर्लिनला परतला. एका अन्यायानं हाकललेला माणूस नोएथरच्या काळची भाषा घेऊन मुंबईपर्यंत पोचला, हे महाराष्ट्रातल्या गणिताच्या इतिहासात ठळकपणे लिहिलं जायला हवं.

परळी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. संस्थानचं विद्यापीठ म्हणजे १९१८ चं उस्मानिया, शिक्षणाची भाषा उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, आणि औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ उघडलं ते १९५८ मध्ये. चांगदेवाच्या मठानंतर साडेसातशे वर्षांनी मराठवाड्यातल्या मुलांना आपल्याच मुलखातल्या विद्यापीठात उच्च गणित शिकायची सोय झाली. मधल्या काळात घराण्याघराण्यांतून जे चाललं ते जातीच्या आणि कुळाच्या कुंपणात चाललं, हेही विसरता येत नाही. सूर्यदासाची टीका पाथरीच्या शेतकऱ्याच्या मुलीपर्यंत कधी पोचली नाही. आज तिच्याच वयाची मुलगी एम.एस्सी.च्या वर्गात सबमॉड्यूलची व्याख्या लिहून घेते.

जुनं आणि नवं एका माणसात भेटलं ते श्रीराम अभ्यंकरांत. १९३० मध्ये उज्जैनला जन्म, वडील ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक, मुंबईत पदवी, हार्वर्डला डॉक्टरेट, आणि पुढे अखेरपर्यंत पर्ड्यू विद्यापीठ. बीजगणित शाळेतलं, कॉलेजातलं आणि विद्यापीठातलं असं तीन प्रकारचं असतं, असं त्यांनी लिहिलं. रिंग, मॉड्यूल ही तिसऱ्या प्रकारची भाषा. अभ्यंकरांचा जीव मात्र पहिल्यावर, समीकरण हातानं सोडवण्यावर. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात गणिताची संस्था काढली तिचं नाव ठेवलं भास्कराचार्य प्रतिष्ठान. नोएथरनं उंचावरून मुलूख दाखवला, अभ्यंकरांना तो पायी तुडवायचा होता. शिकणाऱ्याला दोन्ही लागतं. २९ चे तीन तुकडे एकदा हातानं केल्याशिवाय सेमीसिंपल हा शब्द तोंडात बसत नाही.

पंचांगातल्या पाचव्या अंगाची, करणाची, गोष्ट अजून राहिली. करण म्हणजे अर्धी तिथी, म्हणून महिन्यात करणं साठ. त्यांना नावं सात: बव, बालव, कौलव, तैतिल, गर, वणिज, विष्टी. पण साठला सातनं भाग जात नाही. साठच्या चक्राला सातचा कोशंटच नाही. जुन्या पंचांगकर्त्यांनी तोड काढली. शुद्ध प्रतिपदेच्या उत्तरार्धापासून सात नावं आठ वेळा फिरवायची, ती झाली छप्पन्न. उरलेल्या चार जागांवर न फिरणारी चार करणं कायमची बसवायची: शकुनी, चतुष्पाद, नाग, किंस्तुघ्न. आठवी फेरी जिथं संपते तिथं शेवटची विष्टी येते, आणि ती जागा म्हणजे वद्य चतुर्दशीचा पूर्वार्ध. शिवरात्रीला परळीच्या पायऱ्यांवर रांग सरकत असते, त्याच तिथीच्या मध्यावर सातचं चक्र थांबतं आणि शकुनी लागतं.